कणा नसलेल्यांची बखर

१९३१ साली अमेरिकेत हातातली नोकरी कोणी सोडत नव्हते. बँका बुडत होत्या, कारखान्यांना टाळी लागत होती, मोठ्या शहरांत फुकटच्या सूपसाठी लोक रांगा लावत होते. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संशोधन-साहाय्यक असलेल्या बेचाळीस वर्षांच्या एका बाईंनी राजीनामा दिला. दुसरी नोकरी हाती नव्हती. पुढे आणखी अडतीस वर्षे जगल्या, पण पगाराची नोकरी त्यांनी पुन्हा केली नाही. डॉ. लिबी हेन्रिएटा हायमन हे त्यांचे नाव. त्यांना एक पुस्तक लिहायचे होते.

पुस्तकाचा विषय ऐकून कोणीही त्यांना परावृत्तच केले असते. पाठीचा कणा नसलेले जगातले सगळे प्राणी, असा तो विषय होता. अमीबा, स्पंज, जेलीफिश, पोवळी, जंत, तारामासे, गोगलगायी, शिवाय ज्यांना कुठल्याच भाषेत घरगुती नाव नाही असे समुद्रातले आणि चिखलातले असंख्य बारके जीव. प्रत्येकाची शरीररचना, विकास, शरीरक्रिया, राहणी आणि वर्गीकरण. त्यावर तोवर जगात जे काही छापले गेले असेल ते वाचून, तपासून आणि जमेल तिथे प्राणी स्वतः पाहून. पहिला खंड १९४० मध्ये आला, सहावा १९६७ मध्ये. सहा खंडांची पाने चार हजारांवर जातात. आणि या कामात त्यांना ना सहलेखक होता, ना लेखनिक.

हे काम किती अवघड होते ते समजायला थोडे मागे जावे लागते. आज माहीत असलेल्या प्राणिजातींपैकी शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जातींना कणा नाही. तरीही आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये प्राणिसृष्टीचे सहा वर्ग केले, तेव्हा त्यातले चार कणा असलेल्यांना दिले. उरलेले दोनच वर्ग बाकी सगळ्यांच्या वाट्याला आले. एक कीटकांचा आणि दुसरा ‘कृमीं’चा. कुठेच न बसणारे सगळे या दुसऱ्या वर्गात कोंबलेले होते. ही अडगळ पहिल्यांदा नीट उपसली ती लामार्कने. तो मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १७९३ मध्ये, वयाच्या पन्नाशीला टेकला असताना, पॅरिसच्या संग्रहालयात त्याच्याकडे कीटक आणि कृमी सोपवले गेले, आणि १८१५ ते १८२२ या काळात त्याने अपृष्ठवंशी प्राण्यांवर सात खंड लिहिले. शेवटच्या वर्षांत त्याची दृष्टी गेली. तो सांगायचा आणि मुलगी लिहून घ्यायची.

लामार्कनंतर हा पसारा एका माणसाच्या आवाक्यात राहिला नाही. जर्मनीत १८५९ मध्ये ब्रॉनच्या नावाने सुरू झालेल्या ग्रंथमालेला लेखकांच्या पिढ्या पुरल्या नाहीत. १९२३ पासून क्यूकेंथालच्या संपादनाखाली निघू लागलेला प्राणिशास्त्राचा कोशही अनेक लेखकांचा होता. फ्रान्समध्ये ग्रासेंनी १९४८ पासून जो प्रकल्प उभारला, तोही तसाच. इंग्रजीत पार्कर आणि हॅसवेल यांच्यासारखी पाठ्यपुस्तके होती. भारतातल्या प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्या त्यांच्यावर वाढल्या. पण एखाद्या प्राणिगटाविषयी मुळातून जाणून घ्यायचे, तर अमेरिकन विद्यार्थ्यालाही जर्मन ग्रंथच उघडावे लागत.

हायमन यांना जर्मन येत होते. तेवढी एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती, बाकी जवळपास काहीच नाही.

लिबीचा जन्म ६ डिसेंबर १८८८ रोजी आयोवा राज्यातल्या डी मॉइन इथला. बालपण फोर्ट डॉज या लहान गावात गेले. वडील जोसेफ हे पोलंडकडून आलेले ज्यू स्थलांतरित. त्यांचे कपड्यांचे दुकान कधी नीट चालले नाही. आई सबिना वडिलांपेक्षा वयाने बरीच लहान, प्रकृतीने अशक्त आणि स्वभावाने कडक. तीन भावांत लिबी एकटी बहीण, त्यामुळे घरकाम तिच्याच गळ्यात. घरात शिक्षणाला प्रोत्साहन मिळालेच नाही, उलट टिंगल आणि बोलणीच खावी लागली, हे हायमन यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

घराबाहेर मात्र माळरान आणि ओढे होते. लिबी रानफुले गोळा करायची, फुलपाखरे आणि पतंग जमवायची. आसा ग्रे यांचे वनस्पतिशास्त्राचे शालेय पुस्तक तिच्या हाती लागले आणि फुलाचे कुल कसे ओळखायचे हे तिचे तिनेच शिकून घेतले. वाटेवर तण म्हणून उगवणारे एक क्षुल्लक फूल आणि आईच्या बागेतला रुबाबदार गुलखैरा हे एकाच कुलातले आहेत हे कळले, तेव्हा अंगातून वीज गेल्यासारखे वाटल्याची आठवण त्यांनी म्हातारपणीही सांगितली. आपल्याकडे भेंडी, कापूस आणि जास्वंद ज्या कुलात बसतात तेच हे कुल. वर्गीकरण म्हणजे नावांचे पाठांतर असे मानणाऱ्यांनी ही आठवण लक्षात ठेवावी. दिसायला न जुळणाऱ्या दोन गोष्टींमागचे नाते उघड होण्याचा तो आनंद होता, आणि हायमन त्याच्यामागे आयुष्यभर गेल्या.

१९०५ मध्ये लिबी शाळेतून पहिली आली. वर्गात ती वयाने सगळ्यांत लहान होती. पहिली येऊनही पुढे काय, हे तिला सांगणारे कोणी नव्हते. तिने आणखी काही काळ शाळेतच विज्ञान आणि जर्मनचे जादा वर्ग केले आणि मग गावातल्या कारखान्यात ओटच्या डब्यांवर लेबले चिकटवायला जाऊ लागली. १९०६ च्या शरद ऋतूत, कारखान्यातून परतताना, तिची जुनी शिक्षिका मेरी क्रॉफर्ड हिची तिच्याशी रस्त्यात गाठ पडली. शाळेतली सर्वांत हुशार मुलगी लेबले चिकटवते आहे हे ऐकून बाई हादरल्या. त्यांनी खटपट करून शिकागो विद्यापीठाची एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळवून दिली. विज्ञानाच्या इतिहासात मेरी क्रॉफर्ड यांच्या नावावर एकही शोध नाही. पण त्या संध्याकाळी त्या रस्त्याने गेल्या नसत्या, तर पुढचे काहीच घडले नसते.

शिकागोला लिबीने अर्थातच वनस्पतिशास्त्र घेतले. तिथल्या एका प्रयोगशाळा-साहाय्यकाने ज्यू म्हणून तिचा इतका छळ केला की तिने तो विषयच सोडला. रसायनशास्त्र करून पाहिले, मन रमले नाही. प्राणिशास्त्राच्या वर्गात मेरी ब्लाउंट या शिक्षिकेने तिला धीर दिला आणि ती तिथे टिकली. म्हणजे लामार्कप्रमाणे हायमनही वनस्पतींकडूनच प्राण्यांकडे आल्या, फरक एवढाच की लामार्कला पदावर नेमून आणले होते आणि हायमन यांना हाकलून. १९०७ मध्ये वडील वारले. आई आणि भाऊ शिकागोला येऊन राहिले, आणि प्रयोगशाळेतून घरी गेल्यावर घर सांभाळणे पुन्हा त्यांच्याच नशिबी आले. ते पुढे आई जाईपर्यंत, म्हणजे १९२९ पर्यंत चालले.

१९१० मध्ये पदवी, १९१५ मध्ये डॉक्टरेट. मार्गदर्शक होते चार्ल्स मॅनिंग चाइल्ड. त्यांच्या हाताखालीच त्या पुढे सोळा वर्षे संशोधन-साहाय्यक राहिल्या.

चाइल्ड हे विसाव्या शतकातल्या जीवशास्त्रातले एक विलक्षण आणि काहीसे दुर्दैवी नाव. प्लॅनेरिया हा ओढ्यातल्या दगडांखाली सापडणारा चपटकृमी घ्या. जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा, तिरळ्या डोळ्यांचा. त्याचे डोके कापले तर धडाला नवे डोके येते आणि डोक्याला नवे धड. तुकड्याला कसे कळते की डोके या टोकाला उगवायचे आणि शेपूट त्या टोकाला? फळमाशीवरच्या आनुवंशिकी संशोधनाने पुढे जगप्रसिद्ध झालेले थॉमस हंट मॉर्गनही आधी याच कोड्यात अडकले होते आणि मग ते सोडून माश्यांकडे वळले. चाइल्ड अडकलेच राहिले. त्यांचे उत्तर असे: प्राण्याच्या शरीरात डोक्यापासून शेपटीपर्यंत चयापचयाच्या वेगाचा उतार असतो. डोक्याकडे वेग जास्त, शेपटीकडे कमी, आणि हा उतारच कुठे काय घडवायचे ते ठरवतो. पुरावा म्हणून ते कृमी पोटॅशियम सायनाइडच्या सौम्य द्रावणात सोडत. आधी डोके विरघळू लागे, मग क्रमाने मागचा भाग. हायमन यांनी प्लॅनेरिया, हायड्रा आणि गांडुळांच्या बारक्या भाईबंदांवर अशा प्रयोगांची रास घातली, प्राणवायू किती वापरला जातो याची मोजमापे केली आणि निबंधांमागून निबंध लिहिले.

चाइल्ड यांचा सिद्धांत मात्र टिकला नाही. मोजमापांवर आक्षेप आले, आणि जर्मनीत हान्स स्पेमान यांनी १९२४ मध्ये भ्रूणातला ‘संघटक’ भाग दाखवल्यावर सगळ्यांचे लक्ष तिकडे वळले. चाइल्ड यांना अनुयायी उरले नाहीत. गंमत अशी की २००८ मध्ये प्लॅनेरियातली एक विशिष्ट जनुकीय यंत्रणा बंद केली तेव्हा शेपटीच्या जागी दुसरे डोके उगवले, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत रेणूंचा खरोखरच एक उतार असतो हे दिसले. म्हणजे चाइल्ड यांची कल्पना वेडगळ नव्हती; उतार कशाचा, एवढेच चुकले होते. पण हे कळायला फार उशीर झाला. ऐन उमेदीची सोळा वर्षे हायमन यांनी दुसऱ्याच्या सिद्धांतासाठी घालवली, आणि त्या काळातले त्यांचे निबंध आज इतिहासकाराशिवाय फारसे कोणी उघडत नाही.

पण त्या प्रयोगशाळेतच त्यांना त्यांचा खरा विषय सापडला, तोही एका चिडचिडीतून. प्रयोगासाठी आणलेला कृमी नेमका कोणत्या जातीचा आहे, हे कोणालाच धड माहीत नसायचे. अमेरिकेच्या तळ्यांतल्या हायड्रांना युरोपातल्या हायड्रांची नावे सर्रास चिकटवलेली असत. चपटकृमींचीही तीच तऱ्हा. एका प्रयोगशाळेतला प्राणी आणि दुसरीतला प्राणी एकच आहे की नाही हे माहीत नसेल, तर दोन्हींचे निष्कर्ष ताडून बघायचे तरी कसे? प्रयोग करणारे मोठे शास्त्रज्ञ वर्गीकरणाकडे कारकुनी काम म्हणून पाहत, आणि त्या कारकुनीवाचून त्यांचेच प्रयोग लटकत होते. हायमन यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस हे काम अंगावर घेतले. १९३१ मध्ये त्यांनी हायड्राच्या ज्या नव्या जातींची वर्णने केली, त्यांपैकी ‘हायड्रा लिटोरॅलिस’ पुढे प्रयोगशाळांतली नेहमीची जात झाली.

चपटकृमी ओळखणे तर हायड्राहून जिकिरीचे. जिवंतपणी त्याचा रंग आणि डोळे दिसतात, पण त्यावरून जात ठरत नाही. मेल्यावर तो आक्रसतो आणि रंग उडून जातो. जात ठरते ती आतल्या जननेंद्रियांच्या मांडणीवरून, आणि ती पाहायला कृमीला मेणाच्या ठोकळ्यात बसवून मायक्रोटोमवर त्याचे अत्यंत पातळ काप काढावे लागतात. कापांचा क्रम बिघडू न देता ते काचपट्ट्यांवर चढवायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक पाहायचे आणि डोक्यातल्या डोक्यात ते परत जोडून आतली नळी कुठून निघून कुठे वळते ते ठरवायचे. एका कृमीला कित्येक दिवस लागू शकतात. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला लिव्हर फ्लूकची तयार स्लाइड ‘स्पॉट’ म्हणून ओळखून मोकळे होणाऱ्यांना ही मेहनत दिसत नाही. हायमन यांना मात्र यातच रस होता. उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातल्या चपटकृमींवर त्यांनी निबंधमाला लिहिली, अटलांटिक आणि पॅसिफिक किनाऱ्यांवरच्या समुद्री चपटकृमींची जंत्री केली. या गटाच्या त्या जगातल्या आघाडीच्या जाणकार ठरल्या. १९४१ मध्ये चपटकृमींच्या एका प्रजातीला ‘हायमनेला’ हे नाव दिले गेले.

आता राजीनाम्याकडे परत येऊ. नोकरीशिवाय जगण्याची सोय झाली होती ती एका अशा पुस्तकामुळे, ज्याचे त्यांना स्वतःला फारसे कौतुक नव्हते. शिकागोत विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके घेताना हाताशी असलेली पुस्तके त्यांना निकृष्ट वाटली. विद्यापीठाच्या छापखान्याने विचारले, म्हणून १९१९ मध्ये त्यांनी प्राथमिक प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचे पुस्तक लिहून दिले आणि १९२२ मध्ये पृष्ठवंशी प्राण्यांच्या तुलनात्मक शरीररचनेचे. दुसरे पुस्तक धडाक्याने खपले. शार्क, सॅलॅमँडर, कासव, मांजर असे एकेक प्राणी उघडून त्यांची हाडे, स्नायू आणि रक्तवाहिन्या शिजवलेल्या वरणासारख्या सोप्या करून सांगणारे ते पुस्तक कॉलेजामागून कॉलेजात लागले. डॉक्टर व्हायला निघालेली पोरे ते विकत घ्यायची, आणि हायमन यांच्या हाती मानधनाची रक्कम यायची. त्यांना कण्याच्या प्राण्यांत अजिबात गोडी नव्हती. पण कणा असलेल्यांनी त्यांना पोसले आणि कणा नसलेल्यांवर लिहू दिले, हे खरे.

आई वारली होती. चाइल्ड निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. शिकागोने त्यांना प्राध्यापकपद दिले नव्हते आणि देण्याची चिन्हेही नव्हती. ज्यू असणे आणि बाई असणे या दोन्ही गोष्टी त्या काळच्या अमेरिकन विद्यापीठांत आड येत. हायमन पंधरा महिने युरोपात हिंडल्या आणि परतल्यावर न्यूयॉर्कला अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीच्या जवळ बिऱ्हाड केले. जवळ कशासाठी, तर ग्रंथालयासाठी. १९३७ मध्ये संग्रहालयाने त्यांना मानद संशोधक म्हणून मान्यता दिली आणि बसायला जागा दिली. पगार नाही. ही जागा त्यांना मरेपर्यंत पुरली.

कामाची रीत साधी आणि निर्दय होती. एक प्राणिगट घ्यायचा, त्यावरचे मूळ निबंध वाचायचे. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, आणखी ज्या भाषेत असतील त्या भाषेत. टिपणे कार्डांवर उतरवायची. कार्डे क्रमाने लावायची. मग टाइपरायटरपुढे बसून मजकूर थेट ठोकायचा. दुसरा खर्डा करायला वेळ नव्हता आणि टंकलेखक ठेवायला पैसे. चित्रांसाठी प्राण्यांचे नमुने शोधायचे, वुड्स होलसारख्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळांत जाऊन ते जिवंत पाहायचे आणि स्वतःच्या हाताने रेखाटायचे. म्हणूनच त्या खंडांतल्या आकृत्यांना एक कोरडा, विश्वासू सच्चेपणा आहे. प्राणी सुंदर दिसावा म्हणून रेघ ओढलेली नाही. कुठला अवयव कुठे आहे ते कळावे म्हणून ओढलेली आहे. आकृत्यांखाली ‘हायमनवरून’ असे लिहिण्याची प्रथा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पडली.

पहिल्या खंडात एकपेशीय प्राण्यांपासून जेलीफिशच्या भाऊबंदांपर्यंतचा भाग आला. त्यानंतर तब्बल अकरा वर्षांचे अंतर पडले. मधल्या काळात शरीररचनेच्या पुस्तकाची नवी आवृत्ती करणे भाग होते. ती त्यांनी जवळजवळ नव्याने लिहिली आणि १९४२ मध्ये काढली. १९४१ मध्ये शहराबाहेर मिलवुडला घर घेतले, बाग केली, तिथून ये-जा करू लागल्या. १९५२ मध्ये ते सोडून परत शहरात आल्या. पण १९५१ मध्ये एकदम दोन खंड आले. दुसरा चपटकृमींचा, म्हणजे त्यांच्या माहेरचा विषय. तिसरा रोटिफरसारख्या सूक्ष्म जीवांचा आणि गोलकृमींचा. १९५५ मध्ये तारामासे आणि समुद्री साळिंदरांचा चौथा, १९५९ मध्ये उरलेल्या लहान गटांचा पाचवा. या पाचव्या खंडाला त्यांनी एक मागोवा जोडला आहे. आधीच्या चार खंडांनंतर काय नवे कळले, आपले कुठे जुने झाले, याचा हिशेब त्यात आहे. आपलाच ग्रंथ आपल्या डोळ्यांदेखत शिळा होतो आहे हे मान्य करून त्याला ठिगळ लावणारे लेखक थोडे असतात.

हायमन केवळ संकलन करून थांबल्या असत्या, तर त्यांचे नाव ग्रंथालयापुरते राहिले असते. त्यांनी मते दिली, आणि ठणकावून दिली. कोणाचा निष्कर्ष का पटत नाही ते नाव घेऊन लिहिले. शरीरात पोकळी, म्हणजे देहगुहा, आहे की नाही, असल्यास ती खरी की फसवी, यावरून प्राण्यांचे तीन थर मांडण्याची पद्धत त्यांच्या खंडांमुळे जगभर रूढ झाली. खालच्या थरात देहगुहा नसलेले चपटकृमी, मध्ये फसव्या देहगुहेचे गोलकृमी आणि रोटिफर, वर खऱ्या देहगुहेची गांडुळे, गोगलगायी आणि बाकीचे. महाराष्ट्रात दहावीच्या पुढे जीवशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने या तीन थरांच्या तीन वर्तुळांची आकृती वहीत काढलेली आहे. विद्यापीठांच्या एमएस्सीच्या संदर्भग्रंथांच्या यादीत हायमन यांचे नाव आजही असते. यादीतले ग्रंथ किती जण उघडतात हा वेगळा प्रश्न.

ही मांडणी पुढे ढासळली. १९९७ मध्ये जनुकांच्या तुलनेवरून असे दिसले की गोलकृमींचे जवळचे नातेवाईक कीटक आणि खेकडे आहेत, कारण कात टाकणाऱ्या प्राण्यांची ती एक वेगळी शाखा आहे. चपटकृमी प्राणिसृष्टीच्या तळाशी नसून गोगलगायी आणि गांडुळांच्या शेजारी निघाले. देहगुहा ही नात्याची खूण नाही; ती वेगवेगळ्या शाखांत कमावली आणि गमावली गेलेली आहे. हायमन यांनी तिसऱ्या खंडात ज्या सहा गटांना एका संघात बांधले होते, तो संघ फुटला.

एका बाबतीत मात्र त्यांचा अंदाज चमत्कारिक रीतीने खरा ठरल्यासारखा दिसला. अ‍ॅसील नावाचे आतडे नसलेले बारके सागरी कृमी हे दोन सारख्या बाजू असलेल्या प्राण्यांच्या मूळ पूर्वजाला सर्वांत जवळचे आहेत, असे त्या म्हणत. इतर अभ्यासकांना वाटे की हे मूळचे साधे नाहीत, गुंतागुंत गमावून साधे झाले आहेत. १९९९ मध्ये जनुकीय पुराव्याने अ‍ॅसीलना चपटकृमींतून काढून झाडाच्या पार खालच्या फांदीवर बसवले. तो वाद अजून मिटलेला नाही. पण पुराव्याचे हे साधन हातात नसताना, केवळ काचपट्ट्यांवरचे काप पाहून त्यांनी योग्य प्राण्याकडे बोट दाखवले होते.

सन्मान आले, बरेचसे उशिरा. शिकागो विद्यापीठाने १९४१ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. ज्या विभागाने सोळा वर्षांत प्राध्यापक केले नाही, त्याच विद्यापीठाची ही पदवी. १९५४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली, १९६० मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १९५९ पासून चार वर्षे त्या वर्गीकरणशास्त्राच्या नियतकालिकाच्या संपादक होत्या. तोवर पार्किन्सनने शरीराचा ताबा घ्यायला सुरुवात केली होती.

सहावा खंड मृदुकाय प्राण्यांचा. शंखशिंपल्यांवर शतकानुशतके लिहिले गेलेले. हौशी संग्राहकांपासून भूशास्त्रज्ञांपर्यंत सगळ्यांनी. वाचायचा ढीग आधीच्या कुठल्याही खंडाहून मोठा होता, आणि हात साथ देत नव्हते. त्यातच डेन्मार्कच्या ‘गॅलाथिया’ जहाजाने १९५२ मध्ये खोल समुद्रातून निओपिलिना हा प्राणी वर काढला होता. तो ज्या गटातला, तो गट कोट्यवधी वर्षांपूर्वीच नामशेष झाला असे सगळे धरून चालले होते. १९५७ मध्ये त्याचे वर्णन छापले आणि मृदुकायांच्या उगमाविषयीची जुनी चर्चा पुन्हा पेटली. तेही सामावून घेणे आले. खंडाला आठ वर्षे लागली. त्यात गोगलगायींपर्यंतच मजल गेली. शिंपले आणि माकूळ-नळ राहिले. प्रस्तावनेत त्यांनी सांगून टाकले की आता आपल्याकडून होणार नाही, पुढचे दुसऱ्यांनी करावे. गांडूळ-जळवांचा संघ अस्पर्श राहिला. कीटक, कोळी, खेकडे, झिंगे या संधिपादांचा संघ, म्हणजे प्राणिसृष्टीचा सर्वांत मोठा हिस्सा, तोही राहिला. आपण हे पूर्ण करू शकणार नाही हे कळायला त्यांच्यासारख्या हिशेबी बाईंना १९६७ ची वाट पाहावी लागली असेल असे वाटत नाही. तरी त्या क्रमाने, एक गट संपवून दुसरा, अशाच गेल्या. संधिपादांकडे उडी मारली असती तर प्रसिद्धी जास्त मिळाली असती. ज्यांच्यावर इंग्रजीत कोणीच नीट लिहिले नव्हते असे किनोरिंका, गॅस्ट्रोट्रिका आणि शरकृमी मात्र तसेच राहिले असते. माझ्या मते त्यांची निवड बरोबर होती. आज या दुर्लक्षित गटांवर काम करणाऱ्याला सुरुवात बहुधा हायमन यांच्या खंडापासूनच करावी लागते.

एप्रिल १९६९ मध्ये अमेरिकन म्युझियमने आपल्या शताब्दीनिमित्त त्यांना सुवर्णपदक दिले. बत्तीस वर्षे त्यांनी तिथे बिनपगारी काम केले होते. ३ ऑगस्ट १९६९ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर हे काम कोणी एकट्याने पुढे नेले नाही. १९९० च्या दशकात फ्रेडरिक हॅरिसन यांच्या संपादनाखाली अपृष्ठवंशी प्राण्यांच्या सूक्ष्म रचनेवर पंधरा खंडांची मालिका निघाली, ती अनेक लेखकांच्या हातांची. शरीररचनेचे त्यांचे नावडते पुस्तक १९७९ मध्ये मार्व्हली वेक यांच्या संपादनाखाली पुन्हा निघाले, या वेळी शीर्षकातच हायमन यांचे नाव घेऊन. १९७४ मध्ये जगभरच्या चपटकृमी-अभ्यासकांनी त्यांच्या स्मरणार्थ एक ग्रंथ काढला. आणि अमेरिकेतली तुलनात्मक जीवशास्त्राची संस्था त्यांच्या नावाने विद्यार्थ्यांना एक शिष्यवृत्ती देते: समुद्रकाठच्या संशोधन केंद्रात जाऊन, पाण्यातले प्राणी प्रत्यक्ष पाहून शिकण्यासाठी.